ईएफ साठ टक्के, तरीही हार्ट फेल्युअर?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. घर नाशिकरोडला. सासूबाई ६७ वर्षांच्या, वजन जास्त, पंधरा वर्षांपासून बीपी आणि शुगर. दोन महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पायांवर सूज येते. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) ६० टक्के आला, पुढे ‘नॉर्मल’ असंही लिहिलंय, तरी डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर सांगितलं. तुमचे दीर ४६ वर्षांचे. गेल्या वर्षी मोठा अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा ईएफ २८ होता. आता ५२ आलाय आणि ते म्हणतात, ‘मी बरा झालो, गोळ्या बंद.’ तुमचं विचारणं असं, की आजाराचं नाव एकच, मग दोघांच्या गोळ्या वेगळ्या का? आणि दोघांत जास्त आजारी कोण?

जास्त आजारी कोण, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. ओपीडीत मला रोज एकदा तरी हे समजवावं लागतं. लोक ईएफ दहावीच्या टक्क्यांसारखा वाचतात. साठ म्हणजे फर्स्ट क्लास, पस्तीस म्हणजे काठावर पास, अठ्ठावीस म्हणजे नापास. एका आजोबांनी तर मला विचारलं होतं, ‘डॉक्टर, शंभर कधी होणार?’ शंभर कोणाचाच होत नाही, आणि होऊही नये. निरोगी माणसाचं हृदयसुद्धा दर ठोक्याला थोडं रक्त आत ठेवतंच.

हा आकडा नक्की कशाचा? हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो आणि आवळला की ते रक्त शरीरभर ढकलतो. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं, तो ईएफ. समजा कप्प्यात १२० मिली रक्त भरलं आणि ७० मिली बाहेर गेलं, तर ईएफ साधारण ५८. निरोगी माणसात तो पन्नाशीच्या थोडा वर ते सत्तरीच्या आसपास असतो, बायकांमध्ये एखाद-दोन टक्के जास्तच. म्हणून ‘माझं हृदय फक्त ५८ टक्के काम करतं’ असं कोणी रडवेलं होऊन सांगितलं, की मी म्हणतो, माझंही तेवढंच करतं.

पण टक्का म्हणजे रक्कम नव्हे, ही मेख आहे. दिरांचं उदाहरण घ्या. अटॅकनंतर स्नायूचा मोठा भाग मेला, कप्पा ताणून मोठा झाला. त्यात समजा २१० मिली रक्त भरत होतं, तर २८ टक्क्यांनी ५९ मिली बाहेर गेलं. सासूबाईंचा कप्पा आकाराने लहान, भिंती जाड आणि ताठर. त्यात समजा ८५ मिलीच मावतं, तर ६० टक्क्यांनी ५१ मिली बाहेर गेलं. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, त्यांच्या रिपोर्टमधले नाहीत. पण गंमत बघा, ज्यांचा टक्का नॉर्मल त्यांचंच रक्त दर ठोक्याला कमी जातंय.

निफाड-सिन्नरकडचे जुने शेतकरी पेशंट असले, की मी त्यांना मोटेवरून सांगतो. कातडं नरम असलं, की मोट विहिरीत पसरते आणि गच्च भरून वर येते. तेच कातडं वाळून कडक झालं, तर मोट उघडतच नाही. थारोळ्यात ती पूर्ण रिकामी होईल, एक थेंब आत राहणार नाही, पण मुळात भरलीच अर्धी. बैल तेवढेच दमणार आणि पाटाला पाणी कमी. सासूबाईंच्या हृदयाचं हेच झालंय. वर्षानुवर्षांच्या बीपीने भिंती जाड झाल्या, शुगर आणि वजनाने स्नायूत ताठरपणा आला. आवळायची ताकद आहे, सैल सोडून भरून घ्यायची लवचीकता गेली.

आणि धाप लागते ती या ताठरपणामुळे. कप्पा सहज भरत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. तो दाब मागे वरच्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसांत जातो. फुप्फुसांत दाब वाढला, की दम लागतो. जिना चढताना हृदयाची गती वाढते, दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ कमी होतो. ताठर हृदयाला नेमका तोच वेळ हवा असतो. म्हणून अशी माणसं खुर्चीत बसलेली अगदी ठणठणीत दिसतात आणि पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांची छाती भात्यासारखी चालते. घरचे म्हणतात, ‘वजन वाढलंय, वय झालंय.’ कित्येक बायकांचं निदान वर्ष-वर्ष लांबतं ते या एका वाक्यामुळे.

आता वर्गीकरण. ‘फेल्युअर’ शब्दाने घाबरू नका. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही. शरीराला हवं तेवढं रक्त ते पुरवू शकत नाही, किंवा पुरवतं पण आतला दाब वाढवूनच पुरवतं, एवढाच. धाप, सूज, थकवा अशी लक्षणं आणि त्यांच्या मागे हृदयातला बिघाड, हे दोन्ही असलं की हार्ट फेल्युअर म्हणायचं. ते ठरल्यावर ईएफ बघून गट पाडायचा. क्रम लक्षात घ्या: आधी निदान, मग ईएफ. ईएफ ४० किंवा त्याखाली असेल तर कमी ईएफचं फेल्युअर. ५० किंवा त्यावर असेल तर ईएफ टिकून असलेलं फेल्युअर. आम्ही डॉक्टर आपसात यांना हेफ-रेफ आणि हेफ-पेफ म्हणतो. ४१ ते ४९ हा मधला गट, किंचित कमी ईएफचा. आणि २०२१ मध्ये जगभरच्या हृदयतज्ज्ञ संस्थांनी मिळून जी व्याख्या ठरवली, तिच्यात चौथा गट स्पष्ट केला: सुधारलेल्या ईएफचं फेल्युअर. आधी ४० किंवा त्याखाली होता, नंतर किमान १० अंकांनी वाढला आणि ४० च्या वर गेला. तुमचे दीर या चौथ्या गटात, २८ वरून ५२.

चाळीसच का, हे कोणी विचारत नाही, पण विचारायला हवं. ३९ आणि ४१ मध्ये निसर्गाने कुठलीही भिंत बांधलेली नाही. रेषा आली औषधांच्या चाचण्यांमधून. १९८७ साली एनालाप्रिल या बीपीच्या गोळीने अतिगंभीर फेल्युअरमधले मृत्यू कमी होतात असं दिसलं, १९९१ च्या मोठ्या चाचणीत ३५ किंवा त्याखाली ईएफ असलेलेच पेशंट घेतले. कारण व्यवहारी होतं. कमी ईएफवाल्यांना धोका जास्त, त्यामुळे औषधाचा फरक लवकर दिसतो, चाचणी वेळेत संपते. पुढच्या बहुतेक चाचण्यांनी तोच पायंडा ठेवला, कुठे ३५, कुठे ४०. ज्यांचा ईएफ त्याहून वर, ते बाहेरच राहिले. काही वर्षांनी त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या निघाल्या, तर एकीने ४० च्या वरचे घेतले, दुसरीने ४५ च्या वरचे. मधले लोक कधी या पंगतीत, कधी त्या पंगतीत. शेवटी २०१६ मध्ये युरोपच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ४० ते ४९ ला स्वतंत्र नाव दिलं. म्हणजे हे गट मुख्यतः ‘कोणत्या औषधाचा पुरावा कोणत्या पेशंटमध्ये आहे’ याची वाटणी आहेत. माझ्या मते पेशंटने त्यांच्याकडे तसंच बघावं.

तुमच्या गोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कमी ईएफच्या फेल्युअरमध्ये चार प्रकारच्या औषधांनी आयुष्य वाढतं हे पक्कं ठरलंय. एक, रामिप्रिल-एनालाप्रिलच्या घराण्यातली किंवा आता साकुबिट्रिल-वालसार्टन. दोन, ठोके आणि ताण कमी करणारा बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल सक्सिनेट, कार्व्हेडिलॉल किंवा बिसोप्रोलॉल. तीन, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. चार, डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, ज्या मुळात शुगरच्या गोळ्या, पण शुगर नसलेल्यांनाही देतात. दिरांच्या पिशवीत चारही असणार, शिवाय अटॅकसाठीची रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी.

ईएफ टिकून असलेल्या फेल्युअरमध्ये यातली पहिली तीन औषधं आजमावली गेली आणि निकाल पुष्कळदा हातात न येणारे निघाले. पक्का फायदा दिसला तो चौथ्या घराण्याचा, २०२१ आणि २०२२ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत. दोन्हींत ४० च्या वर ईएफ असलेले पेशंट होते. मुख्य लाभ म्हणजे हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ कमी येते. २०२४ मध्ये स्पायरोनोलॅक्टोनच्याच घराण्यातल्या फिनेरेनोन नावाच्या औषधाचाही चांगला निकाल आला. वजन खूप असलेल्यांमध्ये वजन कमी करणारी इंजेक्शनं धाप कमी करतात असंही दिसलंय, खर्च मात्र खिशाला झेपला पाहिजे. डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि त्यानंतर ती गोळी एकदम स्वस्त झाली. माझ्या प्रॅक्टिसमध्ये एवढा फरक किमतीने पडल्याचं क्वचितच पाहिलंय.

म्हणून सासूबाईंना बहुधा ती एक गोळी, सूज उतरवायला लघवीची गोळी आणि बीपीची औषधं दिली असतील. दिरांचा बीटा ब्लॉकर त्यांना नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ताठर हृदयात, दुसरं काही कारण नसताना, ठोके फार कमी केले तर काही जणांना चालणंच जड जातं. आणि कृपा करून घरातल्या घरात गोळ्यांची अदलाबदल नको. ‘आजार एकच ना’ म्हणून नवऱ्याच्या गोळ्या बायकोने घेतल्याचं मी पाहिलंय. बीपी ८० वर घेऊन त्या आल्या होत्या.

इकोच्या कागदाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण बहुतेक गैरसमज तिथेच जन्मतात. ईएफ हा रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखा मशीनमधून छापून येणारा आकडा नाही. इको करणारा माणूस हृदयाच्या हलत्या चित्रावर कप्प्याच्या कडा आखतो, मशीन त्यावरून घनफळ काढतं. गर्दी असली, की अनुभवी डोळ्याने अंदाजही लिहिला जातो, आणि खरं सांगायचं तर अनुभवी डोळा पुष्कळदा बरोबर असतो. पण एकाच माणसाचा इको दोन ठिकाणी केला, तर पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो. त्या दिवशी बीपी किती, ठोके किती, छातीच्या आडून चित्र किती स्वच्छ दिसलं, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून ‘गेल्या वेळी ४५ होता, आता ४२ झाला’ म्हणून रात्रभर जागू नका. ४२ चा ४५ झाला म्हणून पेढेही वाटू नका. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर करा आणि जुना रिपोर्ट बरोबर न्या. २८ चा ५२ झाला, हा बदल मात्र खरा आहे.

काही वेळा चांगला ईएफ धूळफेक करतो. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप खूप गळत असेल, तर कप्पा आवळल्यावर बरंच रक्त मागेच जातं. टक्क्याच्या हिशोबात तेही ‘बाहेर गेलं’ धरलं जातं, आणि आकडा झकास दिसतो. अशा पेशंटचा ईएफ ६० पर्यंत खाली आला, तरी आम्ही ऑपरेशनचा विचार सुरू करतो. रक्त खूपच कमी असेल किंवा थायरॉईड फार वाढला असेल, तर ईएफ उत्तम असूनही पाय सुजतात. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या तरुण पेशंटमध्ये मी आधी दोन गोष्टी शोधतो: लहानपणीच्या तापातून झालेली अरुंद मायट्रल झडप, आणि टीबीनंतर हृदयाभोवतीचं आवरण कडक होणं. दोन्हींत ईएफ साठ असू शकतो, पोट आणि पाय फुगलेले असू शकतात. त्यांना हेफ-पेफचं लेबल लावून गोळ्या देत बसलो तर गुन्हा होईल, कारण एकाला झडप मोकळी करायची असते आणि दुसऱ्याचं आवरण काढायचं असतं. तसंच भिंती फार जाड, पण ईसीजीतल्या रेघा मात्र बारक्या, आणि पूर्वी दोन्ही मनगटांतल्या मुंग्यांसाठी ऑपरेशन झालेलं, असा वयस्क पेशंट असला तर हृदयाच्या स्नायूत नको ते प्रथिन साचणाऱ्या अमायलॉइड नावाच्या आजाराची शंका घ्यावी लागते. सासूबाईंच्या बाबतीत बीपी, शुगर, वजन ही सरळ कारणं आहेत, तरी झडपांबद्दल रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते एकदा विचारा.

उलट बाजूही आहे. साठी ओलांडलेल्या जवळपास प्रत्येकाच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’, म्हणजे हृदय सैल होण्यात किंचित कमतरता, असं वाक्य असतं. ते वाचून लोक इंटरनेटवर शोधतात आणि हार्ट फेल्युअर झालं म्हणून धावत येतात. लक्षणं नसतील, तर ती बहुतेक वेळा वयाची खूण आहे, केस पांढरे व्हावेत तशी. मग सासूबाईंना डॉक्टरांनी फेल्युअर कशावरून म्हटलं असेल? त्याच कागदावर खालच्या ओळी बघा. डावा वरचा कप्पा मोठा झालाय का, फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब वाढलाय का, ई बाय ई प्राइम हा कप्प्यातल्या दाबाचा अंदाज देणारा आकडा १४-१५ च्या वर आहे का. शिवाय एनटी-प्रोबीएनपी, ही हृदयावर ताण आला की वाढणारी रक्ततपासणी. ओपीडीतल्या पेशंटमध्ये ती १२५ च्या खाली असेल, तर धापेचं कारण सहसा दुसरीकडे शोधावं. ‘सहसा’ म्हणतो, कारण वजन जास्त असलेल्यांमध्ये हा आकडा फसवा कमी येतो. किडनीचा त्रास किंवा ठोके अनियमित असतील, तर जास्त येतो. केलेली नसेल तर विचारून करून घ्या.

आता दीर. त्यांच्याशी मी जरा कडक बोलणार. अटॅकनंतर लगेच मोजलेल्या ईएफमध्ये दोन भाग मिसळलेले असतात: काही स्नायू मेलेला, काही नुसता सुन्न झालेला. रक्त परत सुरू झालं, की सुन्न भाग काही आठवड्यांत जागा होतो. म्हणूनच अचानक मृत्यू टाळणारं यंत्र छातीत बसवायचं की नाही, हा निर्णय आम्ही अटॅकनंतर किमान ४० दिवस थांबून आणि औषधं नीट देऊन मगच घेतो. त्यांचा बावन्न हा काही अंशी त्या सुन्न भागाचा, काही अंशी गोळ्यांचा. मेलेल्या भागाचा वण आजही तिथेच आहे.

गोळ्या थांबवल्या तर काय होतं, याची रीतसर चाचणी झालेली आहे, निकाल २०१८ च्या अखेरीस आला. ईएफ पूर्ववत झालेले, लक्षणं अजिबात नसलेले ५१ जण घेतले. निम्म्यांची औषधं हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीत बंद केली. सहा महिन्यांत त्यातल्या ४४ टक्के लोकांचा आजार परतला. ज्यांनी गोळ्या चालू ठेवल्या, त्यांच्यात तेवढ्या काळात एकाचाही नाही. शिवाय त्या पेशंटना अटॅकमुळे आलेलं फेल्युअर नव्हतं, अटॅकचा वण नव्हता. दिरांना तो आहे. म्हणूनच त्यांच्या गटाला ‘बरं झालेलं’ न म्हणता ‘सुधारलेलं’ म्हणतात, आणि ईएफ ५२ असला तरी त्यांच्या गोळ्या हेफ-रेफच्याच राहतात. त्यांच्या फाइलवर पहिल्या पानावर ‘जुना ईएफ २८’ असं लाल पेनाने लिहून ठेवा. दहा वर्षांनी नव्या डॉक्टरने नुसता बावन्न पाहिला, तर तोही फसेल. लघवीची गोळी मात्र सूज नसेल तर कमी किंवा बंद करता येते, तेही विचारून. ‘किती दिवस?’ याला माझं उत्तर ठरलेलं आहे: चष्मा किती दिवस लावता?

मधल्या, ४१ ते ४९ च्या गटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. एवढंच सांगतो की तिथे आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. तिशीतून वर चढताना लागलेला ४५ आणि साठवरून घसरताना लागलेला ४५ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याची काळजी मला जास्त वाटते.

आपल्याकडे हा आजार लवकर येतो, हेही माहीत असू द्या. तिरुवनंतपुरमला २०१३ मध्ये फेल्युअरने भरती झालेल्या १,२०५ पेशंटची नोंद केली, त्यांचं सरासरी वय ६१ होतं आणि बहुसंख्यांच्या मुळाशी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून चाळिशीतले पेशंट मला नेहमी दिसतात. तुमचे दीर अपवाद नाहीत.

घरी काय बघायचं? वजनकाटा घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी दोघांनी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं, तर ते पाणी आहे. फोन करा, सूज यायची वाट बघू नका. मीठ कमी म्हणजे वरून घेणं बंद एवढंच नाही. पापड, लोणचं, चिवडा, रविवारची मिसळ, सगळं मोजायचं. दिरांना साखर-तेल कळतं, मिसळीच्या तर्रीतलं मीठ कळत नाही. आणि ‘लो सोडियम’ मीठ परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, तर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बंद. त्या पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर ताण आणतात. शुगरच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का, तेही बघून घ्या. तिनेही पाणी साठतं, फेल्युअरमध्ये ती नको. पायाची सूज केवळ ती गोळी काढल्यावर अर्ध्यावर आल्याचे पेशंट मला आठवतात.

शेवटी तुम्ही विचारलंय, नवरात्रात सासूबाईंना सप्तशृंगी गडावर जायचंय, नऊ दिवस उपवासही धरायचाय. गडाला हरकत नाही, जर तोवर सूज उतरली असेल आणि सपाट रस्त्यावर त्या न थांबता दहा मिनिटं चालत असतील. पायऱ्या नकोत, वर ट्रॉली आहे, तिने जा. उपवासाचं मात्र डॉक्टरांना आधी सांगा. डॅपाग्लिफ्लोझिन चालू असताना शुगरच्या माणसाने लांबलचक कडक उपवास केला, तर शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठायचा धोका असतो. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी लक्षणं दिसली तर ती ‘उपवासाचं पित्त’ समजून घरी बसू नका. गोळी ते दिवस थांबवायची की उपवास एकवेळचा करायचा, हे तुमचे डॉक्टर त्यांची शुगर बघून ठरवतील. मी असतो तर पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा उपवास करा म्हटलं असतं, आणि त्या ‘नऊच करणार’ म्हणाल्या असत्या.